वायफाय जोडलेलं दिसतं पण नेट चालत नाही? बिघाड मोबाईलमध्ये, राऊटरमध्ये की बाहेरच्या वायरमध्ये, ते असं ओळखा

वाड्या-वस्त्यांवर आता फायबरचे नेट पोहोचू लागले आहे. केबलवाला किंवा कंपनीचा माणूस येतो, खांबावरून वायर ओढतो, भिंतीला राऊटरचा डबा ठोकतो, पासवर्ड सांगतो आणि जातो. नेट सुरळीत आहे तोवर त्या डब्याकडे कोणी बघत नाही. पण ई-पीक पाहणीची मुदत संपत आली आहे, पोराचा प्रवेश अर्ज अर्धा भरून झाला आहे किंवा पीएम किसानची ई-केवायसी करायची आहे, आणि नेमके त्याच वेळी मोबाईलवर चक्र नुसते फिरत राहते. मग घरात धावपळ सुरू होते. कोणी राऊटरचे मिळेल ते बटण दाबतो, कोणी मोबाईल घेऊन तालुक्याला दुरुस्तीला जातो, तर कोणी गुगलवर नंबर शोधून भलत्यालाच फोन लावतो.

यात वेळ जातो, कधी पैसेही जातात, आणि बिघाड मात्र आहे तिथेच राहतो. नेट बंद पडण्याची कारणे बरीच असली तरी जागा तीनच आहेत : हातातला मोबाईल, घरातला राऊटर आणि बाहेरची वायर. बिघाड या तिघांपैकी कुठे आहे, हे आधी कळले की पुढचे काम सोपे होते. त्यासाठी मेकॅनिक लागत नाही. घरातला दुसरा एखादा मोबाईल आणि पाच मिनिटे पुरतात.

वायफाय वेगळे, नेट वेगळे

बहुतेक घोटाळा इथेच होतो. मोबाईलवर वायफायची खूण पूर्ण भरलेली दिसते, म्हणून घरातले म्हणतात, "रेंज तर फुल आहे." ती रेंज मोबाईल आणि राऊटर यांच्यातली असते. राऊटरपर्यंत बाहेरून नेट येते की नाही, हे त्या खुणेवरून कळत नाही.

बोअरचे पाणी टाकीत येते आणि टाकीतून नळाला येते. नळ चांगला असला तरी बोअरची मोटर बंद असेल तर पाणी येणार नाही. इथे बोअरपासूनची पाइपलाइन म्हणजे खांबावरची फायबर वायर, टाकी म्हणजे राऊटर आणि नळ म्हणजे वायफाय. नळ बदलून मोटरचा बिघाड निघत नाही, तसेच मोबाईल बदलून खांबावरची तुटलेली वायर जोडली जात नाही.

पहिली तपासणी : दुसरा मोबाईल

तपासण्यापूर्वी दोन्ही मोबाईलचा मोबाईल डेटा बंद करावा. हे विसरले तर फसगत होते. वायफायवर नेट नसले की बरेच मोबाईल गुपचूप सिमच्या डेटावर जातात आणि वायफाय चालू असल्यासारखे वाटते.

नंतर दोन्ही मोबाईल राऊटरजवळ नेऊन एकच साधे संकेतस्थळ उघडून बघावे.

१. एकावर चालते, दुसऱ्यावर नाही : बिघाड त्या मोबाईलच्या सेटिंगमध्ये आहे.
२. दोन्हींवर वायफाय जोडलेले दिसते पण नेट नाही : बिघाड राऊटरमध्ये किंवा बाहेरच्या वायरमध्ये आहे, नाहीतर रिचार्ज संपला आहे.
३. दोन्हींवर वायफायचे नावच दिसत नाही : राऊटरला लाईट मिळत नाही किंवा त्यातले वायफाय बंद आहे. काही राऊटरला मागे किंवा बाजूला वायफायचे वेगळे बटण असते, झाडझूड करताना ते दाबले जाते.
४. राऊटरजवळ चालते, आतल्या खोलीत चालत नाही : बिघाड नाही, तिथे रेंज कमी पडते.

राऊटरचे दिवे काय सांगतात

राऊटरवरच्या दिव्यांखाली बारीक इंग्रजी अक्षरे असतात. कंपनीनुसार नावे थोडी बदलतात, पण चार दिवे ओळखता आले तरी पुरे.

पॉवर : हा दिवा बंद असेल तर आधी बोर्डाचे बटण आणि ॲडॅप्टर बघावा. त्याच पिनेत मोबाईलचा चार्जर लावून लाईट येते का ते तपासावे. ॲडॅप्टर जळाला असेल तर घरात पडलेला सेटटॉप बॉक्सचा ॲडॅप्टर तसाच लावू नये. जुन्या ॲडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिले आहे ते वाचावे. नव्याचे व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात आणि पिनही तशीच लागते. व्होल्ट जास्त झाले तर राऊटर जळू शकतो.

एलओएस : हा दिवा लाल लागला किंवा लाल लुकलुकत असला तर फायबरमधून येणारा उजेड राऊटरपर्यंत पोहोचत नाही. वायर कुठेतरी तुटली आहे, दुमडली आहे किंवा जोडातून निसटली आहे. रस्त्याच्या कामात जेसीबीने वायर तोडणे, उंदराने किंवा खारीने कुरतडणे, वानरांनी लोंबकळून ओढणे, उसाच्या ट्रॉलीत अडकणे, हे गावाकडचे नेहमीचे प्रकार आहेत. असा लाल दिवा असताना राऊटर दहा वेळा बंद-चालू करूनही उपयोग होत नाही. घरात राऊटरमागची वायर कपाटाखाली चेपली आहे का, खिळ्याला ताणली आहे का, एवढे बघावे आणि तक्रार नोंदवावी.

पॉन : हा दिवा हिरवा स्थिर असला तर वायर ठीक आहे. राऊटर नुकताच चालू केला असेल तर तो काही वेळ लुकलुकतो. पाच-दहा मिनिटांनंतरही लुकलुकतच राहिला तर राऊटर कंपनीच्या यंत्राशी जोडला जात नाही असे समजावे आणि फोन करावा.

इंटरनेट : पॉन स्थिर आहे, एलओएस बंद आहे, पण इंटरनेटचा दिवा लाल किंवा बंद आहे, अशा वेळी सर्वात आधी रिचार्जची तारीख बघावी. प्लॅन संपला की वायर आणि राऊटर चांगले असूनही नेट थांबते. रिचार्ज शिल्लक असेल तर बिघाड कंपनीच्या बाजूला असू शकतो. शेजारच्या घरी त्याच कंपनीचे नेट चालू आहे का, हे विचारले की लगेच कळते.

फायबर वायर काचेची असते. तिचे टोक राऊटरमधून काढून डोळ्यासमोर धरून बघू नये. त्यातला लेसरचा उजेड डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो. टोकाला बोट लागले किंवा धूळ बसली तरी नेट मंदावते. वायर खांबावर तुटलेली दिसली तरी स्वतः खांबावर चढू नये. बऱ्याच ठिकाणी नेटची वायर महावितरणच्याच खांबावरून आलेली असते आणि तिला आधारासाठी लोखंडी तार असू शकते.

बंद-चालू करण्याची योग्य पद्धत, आणि एक बटण जे दाबू नये

राऊटर हा एक लहान संगणकच आहे. महिनोन्महिने चालू राहिला की कधीकधी अडकतो. बोर्डाचे बटण बंद करून अर्धा मिनिट थांबावे आणि मग चालू करावे. चालू केल्यावर लगेच मोबाईल जोडू नये. दिवे स्थिर व्हायला तीन ते पाच मिनिटे लागतात. लाईट गेली नि आली की तेवढीच वाट बघावी लागते.

राऊटरच्या मागे टाचणीएवढे भोक असते, त्याच्याजवळ 'रिसेट' लिहिलेले असते. काडी घालून ते बटण धरून ठेवले की राऊटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. वायफायचे नाव आणि पासवर्ड तर जातोच, शिवाय कंपनीच्या माणसाने भरलेली लॉगिनची माहितीही पुसली जाऊ शकते. मग पाच मिनिटांत सुटणाऱ्या अडचणीसाठी माणूस येईपर्यंत दोन-दोन दिवस थांबावे लागते. कंपनीच्या माणसाने सांगितल्याशिवाय या बटणाला हात लावू नये. लहान मुलांनाही तसे बजावून ठेवावे.

फक्त एकाच मोबाईलवर चालत नसेल तर

पहिला उपाय सोपा आहे. विमानाचे चित्र असलेला मोड अर्धा मिनिट चालू करून बंद करावा. जमले नाही तर मोबाईल बंद करून चालू करावा. तरीही नेट आले नाही तर सेटिंगमध्ये वायफायच्या नावाखाली काय लिहून येते ते वाचावे.

पासवर्ड चुकीचा दाखवतो : वायफायच्या पासवर्डमध्ये लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी धरली जातात. पहिले अक्षर मोबाईल आपोआप मोठे करतो, तिथे चूक होते. शून्य आणि इंग्रजी 'ओ' यांचीही अदलाबदल होते. मराठी कीबोर्ड चालू असेल तर आकडे देवनागरीत पडतात आणि पासवर्ड बरोबर असूनही जुळत नाही. म्हणून कीबोर्ड इंग्रजी करावा, डोळ्याच्या चित्रावर दाबून अक्षरे उघडी करावी आणि मग लिहावे. राऊटरचा पासवर्ड बदलला असेल तर मोबाईल जुनाच पासवर्ड वापरत राहतो. त्या नावावर जाऊन 'फर्गेट' करावे आणि नव्याने जोडावे.

आयपी ॲड्रेस मिळवतोय असे दाखवून थांबतो : राऊटर प्रत्येक मोबाईलला एक क्रमांक देतो. घरात पाहुणे आले, टीव्ही, कॅमेरे, पोरांचे मोबाईल सगळे जोडले की कधीकधी हे वाटप अडकते. राऊटर बंद-चालू करावा, मोबाईलमध्ये नाव 'फर्गेट' करून परत जोडावे. त्या वायफायच्या प्रगत सेटिंगमध्ये आयपी 'डीएचसीपी' वर आहे का ते बघावे. कोणी 'स्टॅटिक' करून ठेवले असेल तर बदलावे.

जोडलेले आहे पण इंटरनेट नाही असे दाखवतो : दुसऱ्या मोबाईलवर चालत असेल तर तीन गोष्टी तपासाव्यात. व्हीपीएनचे किंवा जाहिराती अडवणारे एखादे ॲप चालू असेल तर बंद करावे. अँड्रॉइड ९ पासून पुढच्या मोबाईलमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' नावाची सेटिंग असते, ती 'ऑटोमॅटिक' वर ठेवावी. आणि मोबाईलची तारीख-वेळ बघावी. तारीख चुकली असेल तर बँकेची आणि सरकारी संकेतस्थळे सुरक्षिततेचे कारण देऊन उघडत नाहीत. तारीख-वेळ आपोआप घेण्याची सेटिंग चालू करावी.

वायफायचे एकच नाव दिसते, दुसरे दिसत नाही : बऱ्याच राऊटरमधून दोन नावे निघतात, एक साधे आणि एक शेवटी '५जी' लावलेले. या ५जीचा सिमच्या ५जीशी काही संबंध नाही. ही ५ गिगाहर्ट्झची लहर आहे, दुसरी २.४ गिगाहर्ट्झची. जुन्या आणि स्वस्त मोबाईलमध्ये पहिली पकडण्याची सोयच नसते, त्यामुळे ते नाव त्यांना दिसत नाही. तो बिघाड नाही, साध्या नावाला जोडले की काम होते.

एकच ॲप चालत नाही, बाकी सगळे चालते : वायफायला दोष देऊ नये. ॲप अपडेट करावे, मोबाईलची मेमरी भरली असेल तर जागा करावी, बॅटरी सेव्हर आणि डेटा सेव्हर बंद करून बघावे. शेवटच्या तारखेला सरकारी सर्व्हरवरच गर्दी होते. तेव्हा पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न करणे बरे.

हे सगळे करूनही जमले नाही तर सेटिंगमध्ये 'नेटवर्क सेटिंग रिसेट' करावे. त्यात जतन केलेले वायफाय आणि ब्लूटूथ पुसले जातात, फोटो आणि नंबर जात नाहीत. पूर्ण मोबाईल पुसणारा 'फॅक्टरी रिसेट' वेगळा असतो. दोन्हींत गल्लत करू नये.

नेट आहे पण सावकाश चालते

२.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते पण वेग कमी देते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान असते, पण एक-दोन भिंतींतच थकते. राऊटर असलेल्या खोलीत ५जीचे नाव आणि आतल्या खोलीत, ओसरीवर किंवा गोठ्याकडे साधे नाव वापरावे.

माळवदाच्या किंवा दगडी वाड्याच्या जाड भिंती, पत्र्याची आडोशाची भिंत, लोखंडी कपाट, फ्रिज, पाण्याने भरलेली टाकी, यांतून लहर नीट जात नाही. वायर जिथून घरात शिरते त्या कोपऱ्यात राऊटर बसवणे बसवणाऱ्याला सोपे पडते, पण घराला ते सोयीचे असेलच असे नाही. घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या जागी तो ठेवायला सांगावे. मागच्या घरापर्यंत न्यायचे असेल तर लॅन केबल टाकून दुसरा राऊटर लावता येतो. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते.

रोज संध्याकाळीच नेट मंदावत असेल तर त्या वेळी गावातले सगळेच नेट बघत असतात, त्याचा भार असतो. महिन्याच्या शेवटी मंदावत असेल तर प्लॅनमधला डेटा संपून वेग कमी केला गेला आहे का, ते कंपनीच्या ॲपमध्ये बघावे. पासवर्ड अर्ध्या गल्लीला माहीत असेल तर तो बदलावा.

वेगाच्या आकड्यातही समजून घेण्यासारखे आहे. प्लॅनवर ४० एमबीपीएस लिहिलेले असते, ते मेगाबिट असतात. आठ बिट मिळून एक बाइट होते. म्हणजे एका सेकंदाला फार तर ५ एमबी उतरतात. ४० एमबीची फाइल एका सेकंदात का आली नाही, अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. देशात २०२३ पासून किमान २ एमबीपीएस वेग असलेल्या जोडणीलाच ब्रॉडबँड म्हणतात.

लाईट गेली तर

घरात लाईट नसली की राऊटर बंद आणि नेटही बंद. राऊटरसाठी लहान यूपीएस मिळतो, तो घेताना राऊटरचे व्होल्ट जुळवून घ्यावेत. घरात इन्व्हर्टर असेल तर राऊटरचा बोर्ड त्यावर घ्यावा. तरीही लाईट गेल्यावर नेट नसेल आणि एलओएस लाल असेल तर गावातल्या केबलवाल्याच्या यंत्राचा बॅकअप संपलेला असू शकतो.

वीज कडाडत असताना राऊटरचा ॲडॅप्टर बोर्डातून काढून ठेवावा. काचेच्या फायबरमधून विजेचा धक्का येत नाही, पण बोर्डातून आणि तांब्याच्या लॅन केबलमधून येतो.

मुदतीच्या दिवशी नेट गेले तर

आधी काम उरकावे, बिघाड मागाहून शोधावा. दुसऱ्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावावा किंवा आपले सरकार सेवा केंद्र गाठावे. ई-पीक पाहणीत पिकाचा फोटो शेतातच घ्यावा लागतो, पण रेंज नसेल तर माहिती साठवून नेटमध्ये आल्यावर अपलोड करता येते.

ओटीपी येत नसेल तर वायफायला दोष देऊ नये. ओटीपीचा एसएमएस सिमच्या नेटवर्कवरून येतो. त्या सिमला रेंज आणि चालू रिचार्ज हवा. घरात टॉवरची रेंजच नसेल तर सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' आहे का ते बघावे. मोबाईल आणि सिम कंपनी दोघांची सोय असेल तर ते चालू केल्यावर फोन आणि बऱ्याचदा एसएमएसही वायफायवरून येतात.

पैसे भरताना नेट तुटले तर लगेच दुसऱ्यांदा भरू नये. बँकेचा मेसेज किंवा खात्याची नोंद बघून, पैसे गेले की नाही याची खात्री करूनच पुढे जावे.

तक्रार करताना

फोन करण्यापूर्वी ग्राहक क्रमांक, कोणता दिवा कसा लागला आहे, नेट कधीपासून बंद आहे आणि किती मोबाईलवर तपासले, हे कागदावर लिहून घ्यावे. दिव्यांचा फोटो काढावा. "नेट बंद आहे" एवढेच सांगण्यापेक्षा "सकाळी नऊपासून एलओएस लाल आहे" असे सांगितले की वायर जोडणारा माणूस तयारीने येतो. तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्यावा. दाद मिळाली नाही तर त्याच नंबरवर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नये. तिथे चोरांनी टाकलेले नंबर सापडतात. बिलावरचा, कंपनीच्या ॲपमधला किंवा राऊटर बसवून देणाऱ्याने दिलेलाच नंबर वापरावा. नेट दुरुस्तीसाठी कोणी स्क्रीन बघण्याचे ॲप टाकायला सांगितले, ओटीपी विचारला किंवा यूपीआयचा पिन मागितला, तर फोन ठेवून द्यावा. राऊटर दुरुस्त करायला यातले काहीही लागत नाही. पैसे गेलेच तर जराही वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवावे. जितक्या लवकर कळवले तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

थोडक्यात : मोबाईल डेटा बंद करून दुसरा मोबाईल बघावा, मग दिवे बघावेत, मग रिचार्ज, मग राऊटर एकदा बंद-चालू करावा. ग्राहक क्रमांक, पासवर्ड आणि केबलवाल्याचा नंबर एका कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावा. नेट गेल्यावर हे सगळे नेटवर शोधता येत नाही.